मुलांना शेक्सपिअर दाखवावा कसा

शाळकरी मुलांना विल्यम शेक्सपिअरची ओळख करून देताना जन्मगाव आणि नाटकांची यादी यांपासून सुरुवात करू नये. आधी एखादा प्रवेश त्यांच्याकडून करवून घ्यावा. मराठवाड्यातील ज्या मुलांनी देवळापुढच्या पटांगणात नाथांचे भारूड पाहिले आहे, त्यांना पडदा आणि नेपथ्यावाचून नाटक कसे होते, हे समजावून सांगावे लागत नाही. लंडनमध्ये १५९९ साली उभ्या राहिलेल्या ग्लोब नाट्यगृहातही खेळ दुपारच्या उजेडात होत, एक पेनी देणारे प्रेक्षक उघड्या आकाशाखाली उभे राहून ते पाहत आणि स्त्रियांच्या भूमिका मुलगेच करीत.

पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' घ्यावे, तेही सगळे नव्हे. त्यात विणकर, सुतार, शिंपी अशी कारागीर मंडळी राजाच्या लग्नात नाटक करायला निघतात, तेवढाच भाग पुरे. त्यातला विणकर बॉटम याला नायकाचे काम मिळाले तरी नायिका आणि सिंहही आपणच व्हावे असे वाटते (असा एक जण प्रत्येक वर्गात असतोच). भांडी दुरुस्त करणारा भिंत होऊन बोटांची फट धरतो, आणि सिंह झालेला सुतार, बायका घाबरू नयेत म्हणून, आपण खरा सिंह नाही असे आधीच जाहीर करतो. गोष्ट मराठीत रंगवून सांगावी, संवाद मुलांनी घरच्या बोलीत जुळवावेत, चंद्रासाठी एक कंदील आणावा. प्रवेश बसल्यावर मूळ इंग्रजीतील दोन-चार ओळी मोठ्याने वाचून दाखवाव्यात. प्रसंग ठाऊक असल्याने शब्द अडले तरी मुले बिचकत नाहीत.

आठवी-नववीला 'किंग लिअर'चा पहिला प्रवेश द्यावा (त्यात म्हातारा राजा मुलींनी केलेल्या स्तुतीवरून राज्य वाटतो) आणि धाकट्या मुलीने बापाची खोटी स्तुती करायला हवी होती का, यावर वाद घालू द्यावा. नंतर विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' हाती ठेवता येतो. शेक्सपिअरच्या १५४ सुनीतांची, म्हणजे चौदा ओळींच्या कवितांची, घाई नको.

चरित्र शेवटी सांगावे, आणि थोडेच: १५६४ साली हातमोजे करणाऱ्याच्या घरी जन्म, १६१६ साली मृत्यू. मात्र १६२३ साली त्याच्या दोन नटमित्रांनी छत्तीस नाटके एकत्र छापली आणि त्यांपैकी सुमारे निम्मी त्यापूर्वी कधी छापलीच गेली नव्हती, हे आवर्जून सांगावे. त्यानंतर मुलांकडून त्यांच्या प्रवेशाचे संवाद आठवून वहीत उतरवून घ्यावेत.