आधी ऊन अडवा, मग एसी लावा

मागच्या एप्रिलात पुण्यातल्या सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीतून फोन आला. चौथा मजला, दुपारचे तीन. काकूंनी दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झालेला. बेडरूममधला एसी १६ वर, पंखा बंद, पडदे ओढलेले आणि तरी खोलीत ३१ अंश. "गॅस संपलाय. सकाळी एक जण बघून गेला, साडेतीन हजार सांगितलेत," काकू म्हणाल्या.

गॅसचा दाब मोजायचं गेज बाहेर काढण्याआधी मी बाल्कनीत गेलो. आऊटडोअर युनिट कोपऱ्यात ठेवलेलं. बाल्कनीला सरकत्या काचा, त्यातली एकच अर्धी उघडी. युनिटच्या पुढ्यात फ्रीजचं रिकामं खोकं आणि उभी करून ठेवलेली गादी. युनिटने बाहेर फेकलेली गरम हवा गादीवर आपटून परत त्याच युनिटच्या मागे ओढली जात होती. गादी आणि खोकं हलवलं, काचा पूर्ण सरकवल्या, धुळीने बुजलेली कॉइल, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांची चौकट, पाण्याने धुतली. पाऊण तासात खोली २६ वर आली. गॅसला मी हातही लावला नाही.

बावीस वर्षं मी एसीची कामं करतोय. उन्हाळ्यात "एसी गार करत नाही" म्हणून जे फोन येतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मशीन धडधाकट असतं, बिघाड खोलीचा असतो. एसी गारवा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. आत उष्णता कमी शिरू द्यायची आणि बाहेर टाकायला त्याला मोकळी जागा द्यायची, एवढी दोन कामं आपली. लोक रिमोटवर बोट ठेवतात आणि ही दोन्ही कामं विसरतात.

पहिलं काम उन्हाचं. मी धायरीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर उघडा स्लॅब आणि हॉलची खिडकी थेट पश्चिमेला. घरात ७८ वर्षांची आई आहे, त्यामुळे हे सगळं मी आधी स्वतःच्या घरात करून पाहिलेलं आहे. खिडकीला आतून जाड पडदा लावला की ऊन अडलं असं वाटतं. पण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडलं पाहिजे. बुरुड आळीतून मी बांबूची चिक मापाने करून आणली आणि ग्रिलच्या आत, पण काचेच्या बाहेर टांगली. ग्रिलच्या आत असल्यामुळे सोसायटीचीही हरकत आली नाही. चिकेला पैसे घालायचे नसतील तर रोपवाटिकेत लावतात ती हिरवी शेडनेट दुहेरी करून बांधा. पूर्वेच्या खिडकीला सकाळी अकरापर्यंत सावली पाहिजे, पश्चिमेच्या खिडकीला दुपारी एकपासून मावळतीपर्यंत.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा खरा त्रास रात्री सुरू होतो. स्लॅब आणि पश्चिमेची भिंत दिवसभर ऊन पितात आणि अंधार पडल्यावर ती धग हळूहळू आत सोडतात. रात्री आठ वाजता छताला हात लावून पाहा, गरम लागेल. त्या छताखाली एसी मध्यरात्रीपर्यंत खोलीशी नाही, स्लॅबशी झगडत असतो. मार्चमध्ये गच्ची झाडून धुऊन पांढरा उष्णतारोधक रंग दोन हात मारून घ्या. पांढऱ्या चायना मोझॅकची गच्ची असेल तर ती नुसती घासून स्वच्छ केली तरी पुष्कळ फरक पडतो, कारण मळकी पांढरी गच्ची ऊन परत फेकत नाही. शेडनेट बांधायची तर स्लॅबपासून चार-पाच फूट वर बांधा, म्हणजे मधून वारा जाईल. गच्चीवर रोज पाणी मारणाऱ्यांना मी हात जोडून नको म्हणतो. मे महिन्यात निम्म्या शहरात टँकर फिरत असतात.

पुण्याकडे एक गोष्ट आहे जी मुंबईकडे नाही, ती म्हणजे एप्रिलची कोरडी हवा. दिवसा पारा चाळिशीला गेला तरी सूर्य मावळला की हवा भराभर निवते आणि पहाटे अनेकदा पांघरूण ओढावंसं वाटतं. ही फुकटची थंडी घरात भरून घ्या. रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा, जाळ्या मात्र लावलेल्या ठेवा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट तासभर चालवा, तो आतली गरम हवा ओढून काढतो. सकाळी आठ-साडेआठच्या आत सगळं बंद करून चिक सोडा. आमच्याकडे आई हे काम घड्याळ लावल्यासारखं करते, आणि त्यामुळे दुपारी दोनपर्यंत एसीची आठवणही येत नाही.

एसी लावायची वेळ आली की आधी दहा मिनिटं खिडकी उघडून पंखा जोरात फिरवा. संध्याकाळनंतर बंद घर उघडलं तर हे कराच, कारण आतली हवा बाहेरच्यापेक्षा तापलेली असते. मग खिडक्या बंद करा, दाराच्या खालच्या फटीला जुना टॉवेल लावा आणि रिमोट २६ वर ठेवा.

१६ वर ठेवल्याने खोली लवकर गार होते, हा समज मी रोज खोडून काढतो. तापलेल्या खोलीत मशीन २४ वरही सुरुवातीला पूर्ण जोरानेच चालतं. १६ म्हणजे फक्त कुठे थांबायचं ते सांगणं, आणि मे महिन्यात पश्चिमेच्या खोलीत ते तिथवर पोहोचतच नाही, म्हणून कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, रात्रभर थांबत नाही. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या केंद्र सरकारच्या वीजबचतीच्या संस्थेच्या नियमाने १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे घरगुती एसी चालू केल्यावर आपोआप २४ वर येतात. त्याच संस्थेचा हिशेब आहे की सेटिंग एक अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. मी २६ किंवा २७ ठेवतो आणि सोबत छताचा पंखा दोनवर. वारा अंगाला लागला की २७ सुद्धा २४-२५ सारखे वाटतात. साध्या पंख्याला ७५ वॉट लागतात, कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या बीएलडीसी पंख्याला तीसच्या आसपास. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असताना दीड हजार वॉटपर्यंत खातो. पंखा बंद करून एसी वाढवणं हा तोट्याचाच सौदा.

एसीच्या झडपा वरच्या बाजूला ठेवा, गार हवा जड असल्यामुळे ती आपसूक खाली येते. इन्व्हर्टर एसी असेल तर दर अर्ध्या तासाने चालू-बंद करू नका. खोली गार झाली की तो स्वतःच गती कमी करतो, त्याला त्याच संथ गतीत राहू द्या. जुना, इन्व्हर्टर नसलेला एसी असेल तर पहाटे चारचा टायमर लावा आणि त्यानंतर खिडकी उघडा. एसीच्या खोलीत इस्त्री करू नका. आणि एसीसोबत कूलर कधीच लावू नका. कूलर हवेत पाणी सोडतो आणि एसी तेच पाणी काढण्यात वीज घालवतो. कूलर एकटा, उघड्या खिडकीपाशी, एप्रिलच्या कोरड्या हवेत लावा. पुण्यात तेव्हा तो फार चांगलं काम करतो, आणि ज्यांना एसी परवडत नाही त्यांना मी तोच घ्यायला सांगतो.

नवीन घेणाऱ्यांसाठी थोडंसं. टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी खेचायची ताकद म्हणजे एक टन. ही ताकद बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. २०१९ च्या एप्रिलअखेरीस शिवाजीनगरच्या वेधशाळेत पारा ४३ वर गेला होता. अशा दिवशी मशीनची ताकद कमी होते आणि वीज जास्त लागते. म्हणून वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत असेल तर १२० चौरस फुटांच्या खोलीलाही दीड टन घ्या. मधल्या मजल्यावर सावलीतल्या तेवढ्याच खोलीला एक टन पुरतो, उगाच मोठा घेऊ नका. तारेत कंजुषी करू नका. एसीला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचा सॉकेट पाहिजे. एक्स्टेन्शन बोर्डवर चालवलेल्या एसीचे वितळलेले प्लग मी पुष्कळ काढलेत.

इनडोअरची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. पुण्यात जिकडेतिकडे बांधकामं चालू आहेत, धूळ थांबत नाही. मुख्य स्विच बंद करा, पुढचं झाकण उघडा, जाळी नळाखाली मागच्या बाजूने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवून बसवा. आऊटडोअरची कॉइल वर्षातून एकदा, होळीच्या आसपास धुवून घ्या. पाण्याचा जोर कमी आणि धार सरळ ठेवा, नाहीतर ॲल्युमिनियमच्या फिन, म्हणजे कॉइलवरच्या पातळ पट्ट्या, वाकतात आणि हवा कायमची अडते. युनिट खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर असेल तर स्वतः वाकून काहीही करू नका, आणि आमच्या माणसालाही कमरेचा दोर बांधल्याशिवाय बाहेर उतरू देऊ नका. माझ्या ओळखीचा एक मुलगा तिसऱ्या मजल्यावरून पडला. तो वाचला, पण पुन्हा या कामावर आला नाही.

आता गॅस. तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळीत तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहेच, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकणार नाही. कोणी "गॅस भरावा लागेल" म्हणालं की चार प्रश्न विचारा. गळती कुठे सापडली? नायट्रोजन भरून दाब धरून पाहणार का? गॅस भरण्याआधी नळीतली हवा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप लावणार का? गॅस काट्यावर वजन करून भरणार का? चारपैकी एकाचंही उत्तर अडखळलं तर दुसरा माणूस बोलवा. नव्या बऱ्याच एसीत आर-३२ गॅस असतो आणि तो पेट घेऊ शकतो, म्हणून काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा, आसपास काडी ओढू देऊ नका. इनडोअरच्या कॉइलवर बर्फ धरला असेल तर लगेच गॅसचं नाव घेऊ नका. आधी जाळी तपासा. हवा अडली तरी बर्फ धरतो.

बिलाची भीती घालवायची तर मीटर वाचायला शिका. रात्री झोपताना आकडा टिपा, सकाळी उठल्यावर पुन्हा टिपा. मी आमच्या घरी हे आठवडाभर केलं. २० वर आठ तासांत साडेसहा युनिटं पडली, २६ आणि पंखा असताना चारच्या थोडी वर. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. ३०० ओलांडले की सगळंच बिल महाग दराने लागतं असं अनेकांना वाटतं, तसं नाही. वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. पण ती वरची युनिटं महागच असतात, आणि एसीची युनिटं बहुतेक तिथेच पडतात. म्हणून मे महिन्यात आम्ही पाचही जण एकाच खोलीत गाद्या घालून झोपतो. दोन खोल्यांत दोन एसी लावण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली तर एसीचा मुख्य स्विच बंद करा. लाइट आल्यावर व्होल्टेज वरखाली होतं, पाच मिनिटं थांबून मग चालू करा.

हे सगळं वाचवाचवीचं सांगताना एक गोष्ट फार मनापासून सांगतो. घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ किंवा आजारी कोणी असेल तर दुपारी बिलाचा विचार करू नका. म्हाताऱ्या माणसांना तहान लवकर कळत नाही. माझी आई "मला नाही उकडत" म्हणत राहते आणि तिचं अंग तापलेलं असतं. बारा ते पाच तिला एसीच्या खोलीत बसवतो, २६ वर, झोत अंगावर न घेता, आणि दर तासाला पाणी, ताक किंवा पन्हं हातात देतो. अंग खूप तापलं, बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपायला लागली तर तो उष्माघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत अंग ओल्या कपड्याने पुसून वारा घाला.

मे महिन्यात वळीव पडला की हवा बदलते आणि एसीचं वागणंही बदलतं. एप्रिलात ड्रेन पाइपखालच्या बादलीत रात्रभर जेमतेम तळ भिजतो, वळवानंतर तीच बादली भरून वाहते. ते पाणी पिऊ नका, फरशी पुसायला आणि कुंड्यांना घाला. या दिवसांत उकाडा दमटपणाचा असतो, म्हणून सेटिंग खाली न आणता रिमोटवरचा ओलावा काढणारा ड्राय मोड लावा, पुष्कळदा तेवढं पुरतं. बादलीत काहीच येत नसेल आणि इनडोअरमधून भिंतीवर पाणी उतरत असेल तर ड्रेन पाइप तुंबलाय. बाहेरच्या टोकाला तोंड लावून फुंकू नका, बुरशी असते. सायकलचा पंप लावा आणि दोन-तीन वेळा हवा मारा.