जोडीदाराचं अचानक ऑपरेशन आणि घरात लहान मुलं: कोणी, काय, केव्हा करायचं

अपेंडिक्स, पित्ताशयात अडकलेला खडा, आतड्याला पडलेला पीळ, स्कूटरवरून पडून मोडलेलं हाड: ही दुखणी तारीख देऊन येत नाहीत. दुपारी जेवलेला माणूस रात्री ऑपरेशनच्या टेबलावर असतो आणि घरी दोन मुलं जागी असतात. अशा वेळी घरातला दुसरा माणूस सगळं आपल्याच अंगावर घेतो आणि तिसऱ्या दिवशी स्वतः आडवा होतो. म्हणून आधी कामांची वाटणी. इस्पितळात बाकावर बसणं, मेडिकलमधून औषधं आणणं, रक्ताची बाटली पोचवणं ही कामं दीर, मेव्हणा, वाड्यावरचा शेजारी, कोणीही करू शकतो. डॉक्टरांशी बोलणं आणि मुलांना रात्री निजवणं ही दोन मात्र तुमची. दिवसाचं वेळापत्रक या दोन कामांभोवती आखा.

घरातून निघताना

१०८ ला फोन करा. गोव्यात काणकोण किंवा वाळपईहून बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठायला वेळ लागतो, आणि पोटात कळा मारत असलेल्या माणसाला स्कूटरवर मागे बसवून नेणं म्हणजे वेडेपणा. गाडी येईपर्यंत तीन गोष्टी उरकायच्या. मुलं शेजाऱ्यांकडे किंवा आजीकडे सोपवायची. कॅज्युअल्टीत मुलांना नेऊ नये, तिथलं दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढून महिनोन्‌महिने हलत नाही. आजारी माणसाच्या तोंडात पाणी, चहा, सोडा, काही घालायचं नाही. आणि फाईल उचलायची.

फाईलमध्ये आधार कार्ड, विम्याचं किंवा गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड, जुनी डिस्चार्ज कार्डं, आणि चालू औषधांच्या स्ट्रिप्स. औषधांची नावं आठवत बसू नका, स्ट्रिपच पिशवीत टाका. कुलदैवताला गाऱ्हाणं घालायचं ते घाला, पण फाईल आधी.

दीनदयाळ योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण मिळतं. कार्डाची मुदत संपलेली असणं ही नेहमीची अडचण, तेव्हा ती तारीख आजच बघून ठेवा. खाजगी इस्पितळात दाखल होताना काउंटरवर दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे: इस्पितळ योजनेच्या पॅनेलवर आहे का, आणि हे ऑपरेशन यादीत आहे का. पहिल्याला 'हो' म्हणाले म्हणजे दुसऱ्यालाही हो असं धरू नये.

खाजगी विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. बिलांचे मूळ कागद, तपासण्यांचे रिपोर्ट आणि रॉड, स्क्रू, स्टेंट बसवला तर त्याचं स्टिकर जपून ठेवा.

ऑपरेशनआधी खरं सांगायच्या गोष्टी

भूल देणारे डॉक्टर येऊन प्रश्न विचारतात. तेव्हा आजारी माणूस कण्हत असतो आणि उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात. शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं? ठरवून केलेल्या ऑपरेशनला जेवणानंतर सहा ते आठ तास आणि पाण्यानंतर दोन तास थांबतात. तातडीच्या ऑपरेशनला थांबता येत नाही, मग भूल वेगळ्या पद्धतीने देतात, कारण पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणूनच 'काहीच खाल्लं नाही' हे खोटं उत्तर सर्वांत धोक्याचं. चार वाजता उंडा (पाव) आणि चहा घेतला असेल तर तसं सांगा.

आधी कधी भूल दिली होती का, तेव्हा त्रास झाला का, कशाची अ‍ॅलर्जी, दात हलतात का, कवळी आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या. आणि दारू. घरचा माणूस रोज रात्री फेणी किंवा व्हिस्की घेत असेल तर किती, हे डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा. सासूसमोर लाज वाटते म्हणून हे लपवलं जातं. मग दारू तुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागतात, माणूस बरळतो, सलाईन उपटतो, आणि घरच्यांना वाटतं भूल चढली. आधी कळलं तर डॉक्टर त्याचं औषध सुरू करतात.

अंगावरचे दागिने वॉर्डातच उतरवा. मंगळसूत्र, जोडवी, नथ, बांगड्या, सगळे. रक्त थांबवायला वापरतात त्या विजेच्या उपकरणामुळे धातूजवळची कातडी भाजू शकते, आणि हात सुजला की अंगठी कापूनच काढावी लागते. नखांचं पॉलिशही पुसायचं, बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा त्यामुळे चुकीचा आकडा दाखवू शकतो. दागिने एकाच माणसाच्या हाती द्या आणि काय काय दिलं ते फोनवर लिहून ठेवा.

संमतीपत्रावर शुद्धीतल्या प्रौढ रुग्णाची स्वतःची सही लागते. तुमची सही साक्षीदार म्हणून. सही करण्याआधी विचारा: दुर्बिणीतून की पोट उघडून? आत काही वेगळं सापडलं तर काय करणार? नंतर आयसीयू लागेल का? रक्त लागेल का? रक्तपेढीने बदली रक्तदाता मागितला तर अठरा ते पासष्ट वयाचा, किमान पंचेचाळीस किलो वजनाचा माणूस हवा, आणि आधीच्या रक्तदानाला पुरुषाला नव्वद, बाईला एकशे वीस दिवस झालेले हवेत. असे तीन-चारजण फोनवर तयार ठेवा.

'तासाभराचं ऑपरेशन' म्हणजे तासाभरात माणूस बाहेर नव्हे. आधीची तयारी आणि नंतर शुद्धीवर येईपर्यंतचा वेळ धरून तीन तास सहज जातात. दीड तासाने दार ठोठावू नका.

पाळ्या आणि फोन

ऑपरेशनची रात्र तुम्ही थांबा. दुसऱ्या रात्रीपासून पाळ्या. बायकांच्या वॉर्डात रात्री सहसा बाईमाणसालाच बसू देतात, म्हणून नणंद, जाऊ, मावशी यांच्या रात्री आधीच ठरवून घ्या. रात्री उशिरा गावाकडे बस मिळत नाही, तेव्हा पाळी बदलायची वेळ संध्याकाळी सहाची ठेवा. म्हणजे तुम्ही मुलांच्या जेवणाला घरी पोचता. डॉक्टरांचा राउंड बहुधा सकाळी असतो, त्या वेळी तुम्ही हजर. चोवीस तास जागलेल्या माणसाने बांबोळीहून महामार्गावर गाडी चालवायची नाही. कोणालातरी चालवायला सांगा.

नातेवाइकांसाठी एकच माणूस नेमा आणि रोज रात्री आठला एकच मेसेज: 'ऑपरेशन झालं. शुद्धीवर आहे. अजून दोन दिवस भेटायला नको. उद्या याच वेळी कळवीन.' असा मेसेज गेला नाही तर वाड्यावरची वीस माणसं एकदम खाटेभोवती उभी राहतात.

मुलांना काय सांगायचं

'आई बाजाराला गेली' हे सांगू नका. मूल दारात बसून वाट बघतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही खरंच बाजारात गेलात तरी रडतं. तीन वर्षांच्या मुलालाही चार वाक्यं कळतात: आईच्या पोटात दुखतंय. डॉक्टरांनी ते बरं करायला ऑपरेशन केलं. ती इस्पितळात झोपते. तुला आजी आणि मी बघणार. 'डॉक्टर आईला झोपवणार' असं म्हणू नका, नाहीतर रात्री झोपायलाच मूल घाबरतं. 'औषधाची झोप, त्यात दुखत नाही आणि नंतर जाग येते' असं म्हणा. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आपण हट्ट केला म्हणून आई आजारी पडली असं वाटू शकतं, पण ती बोलून दाखवत नाहीत. न विचारता सांगा की तुझ्यामुळे काही झालेलं नाही. परत यायचा दिवस डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुलांना सांगू नका. सुटलेलं अंथरुण पुन्हा ओलं होणं, अंगठा चोखणं, कडेवरून न उतरणं हे काही आठवडे चालेल, रागावू नका.

व्हिडिओ कॉल दुपारी करा. निजायच्या वेळी केला की रडारड होते. प्रत्यक्ष भेट नळ्या निघाल्यावर, दहा मिनिटांची, आणि आधी सांगून: हाताला सलाईन असेल, आई हळू बोलेल.

मुलांजवळ राहणाऱ्यासाठी एक कागद फ्रिजवर चिकटवा, म्हणजे दर तासाला फोन येणार नाही. बालरथ (शाळेची बस) किती वाजता, कुठल्या नाक्यावर. शाळेतून कोण आणणार. त्याचं नाव शाळेला लिहून कळवलेलं. पोदेराकडून (पाववाल्याकडून) किती उंडे. झोपताना कुठली चादर लागते. कशाची अ‍ॅलर्जी. आणि तापाचं औषध मिलीमध्ये, बाटलीच्या नावासकट. शेवटचं महत्त्वाचं, कारण पॅरासिटामॉलचं सिरप आणि ड्रॉप्स यांची ताकद वेगळी असते. बारा किलोच्या मुलाला साधारण दीडशे मिलिग्रॅम लागतं. पाच मिलीत २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते तीन मिली होतात. पण एका मिलीत १०० मिलिग्रॅम असलेल्या ड्रॉप्सचे तीन मिली म्हणजे तीनशे, थेट दुप्पट. आजीला चश्म्याशिवाय लेबल दिसत नसेल तर जास्तीची बाटली उचलून ठेवा.

अंगावर पिणारं बाळ असेल तर दाखल होतानाच डॉक्टरांना सांगा. दूध तुंबू देऊ नये, दर तीन तासांनी काढावं; नर्सला सांगून वेळ मागून घ्या. काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. सर्वसाधारण भुलीनंतर आई पूर्ण शुद्धीवर आली, बाळ धरू शकली, की पाजता येतं. 'भुलीचं दूध' म्हणून दिवसभराचं दूध फेकायची गरज नसते. वेदनाशामकांत ट्रॅमाडॉल आणि कोडीन पाजणाऱ्या आईला टाळतात, ते नावानिशी विचारा.

घरी आणल्यावर

जुन्या घरात उंच पायऱ्या, मागच्या दाराला न्हाणीघर, जमिनीला टेकलेली खाट. आधी हे बघा. खाट गुडघ्याच्या उंचीची हवी, न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची हवी, पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर पोतं हवं. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटून बसायचं. खोकताना पोटाला उशी घट्ट धरायची. ही उशी मुलांसाठीही उपयोगी: धावत येऊन अंगावर उडी मारणारं मूल जखमेवर आदळत नाही. आजारी माणूस खुर्चीवर बसला की मुलाने बाजूने येऊन टेकायचं, हा नियम पहिल्या दिवशीच शिकवा. वजन उचलण्याची मर्यादा डॉक्टरांकडून किलोत विचारून घ्या. दुर्बिणीच्या ऑपरेशनला साधारण दोन आठवडे, पोट उघडलं असेल तर सहा आठवडे. यात मूल येतं, पाण्याची कळशी येते, गॅसचा सिलिंडरही येतो. औषधांची पिशवी खाटेच्या कडेला टांगायची सवय मोडा. रांगणाऱ्या बाळाच्या हाताची उंची नेमकी तीच असते.

जेवणावरून घरात भांडण ठरलेलं. नुस्ते (मासे) खाल्लं तर पू होतो, तूरडाळीने पू होतो, अंडं उष्ण पडतं, असं सांगणारे घरोघरी असतात. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि ती नेमकी मासे, अंडी, डाळीत असतात. पातळ सुरू करायला सांगितलं की उकड्या तांदळाची पेज उत्तम, पण पेजेवर पंधरा दिवस ठेवलं तर माणूस अशक्तच राहतो. डॉक्टरांनी साधं जेवण सांगितल्यावर कमी तिखटाचं बांगड्याचं सार-भात चालतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा पित्ताशय, आतड्याचं ऑपरेशन असेल तर आहार विचारूनच. वेदनेच्या काही गोळ्यांनी पोट बांधतं. तीन दिवस वाट न बघता शौचाचं औषध विचारा, कुंथण्याने टाक्यांवर ताण येतो. बऱ्याच वेदनाशामकांत पॅरासिटामॉल आधीच असतं. तापासाठी वेगळी गोळी देण्याआधी स्ट्रिप वाचा. मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून चार ग्रॅमच्या वर जाऊ नये.

पुढचं काही दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही: १००.४ अंशांवर ताप, जखमेतून पू किंवा वास, फुगलेलं पोट आणि उलट्या, सहा-आठ तास लघवी नाही, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ १०८. पोटरीत झालेली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली असेल, तर तिथे मिनिटं मोजावी लागतात. हे टाळायचं म्हणूनच डॉक्टर दुसऱ्या दिवशी माणसाला चालायला लावतात. 'बिचारीला झोपू द्या' म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका.

टाके काढायच्या दिवशी आणखी एक कागद मागायचा. काढलेलं अपेंडिक्स, पित्ताशय किंवा गाठ तपासणीला पाठवतात, त्याचा रिपोर्ट डिस्चार्जनंतर येतो आणि बहुतेक घरांत तो आणायचं राहून जातं. डिस्चार्ज कार्डावर 'बायोप्सी पाठवली' असं लिहिलंय का ते बघा, रिपोर्ट कोणत्या खिडकीवर कधी मिळेल ते विचारा, आणि आणल्यावर तो सर्जनना दाखवूनच फाईलला लावा.