मुदत विम्याचा हप्ता आणि राखीव निधी स्प्रेडशीटवर कसा काढावा

आयुर्विम्याचा हप्ता काढताना आणि राखीव निधी काढताना समीकरण एकच असते (येणाऱ्या हप्त्यांचे मूल्य आणि द्यायच्या दाव्यांचे मूल्य यांचा मेळ), फक्त तारीख बदलते. हप्ता विक्रीच्या दिवशी ठरतो, निधी त्यानंतर कुठल्याही दिवशी मोजता येतो. हे पाहायला तीन वर्षांची पॉलिसी पुरते.

वय ५०, विमा रक्कम १,००,०००, व्याज ६ टक्के. मृत्युदर समजण्यापुरते धरलेले: पहिल्या वर्षी ०.००४, मग ०.००५, मग ०.००६. हप्ता वर्षाच्या सुरुवातीला, दावा वर्षाअखेर.

पायरी १ : हयात माणसांचा रकाना. १,००,००० जणांपासून सुरुवात करा. पहिल्या वर्षी ४०० मृत्यू, उरले ९९,६००. दुसऱ्या वर्षी ४९८, उरले ९९,१०२. तिसऱ्या वर्षी ५९४.६. अपूर्णांक तसेच ठेवा. माणूस अर्धा मरत नाही म्हणून ते पूर्ण केले, तर शेवटचा ताळा जुळणार नाही. मृत्युदराच्या तक्त्यातले वय ‘पूर्ण झालेले’ (मागच्या वाढदिवसाचे) आहे की ‘जवळचे’ (जवळच्या वाढदिवसाचे), हेही आधीच पाहून घ्या. इथे घोळ झाला तर सगळे दर जवळपास अर्ध्या वर्षाने सरकतात.

पायरी २ : दाव्यांचे आजचे मूल्य. प्रत्येक वर्षाचे मृत्यू १.०६ च्या योग्य घाताने (पहिल्या वर्षी १, मग २, मग ३) भागा: ३७७.३६ + ४४३.२२ + ४९९.२५ = १,३१९.८२. सुरुवातीची माणसे आणि विमा रक्कम दोन्ही एक लाख असल्याने हाच आकडा एका पॉलिसीचा ठरतो.

पायरी ३ : हप्त्यांचे आजचे मूल्य. दरवर्षी १ भरला, तर १ + ०.९९६ ÷ १.०६ + ०.९९१०२ ÷ १.०६² = २.८२१६. पहिल्या हप्त्याला व्याजाने भागावे लागत नाही, तो आजच येतो. सर्वांत जास्त चुका याच ओळीत होतात: सगळे हप्ते वर्षाअखेरचे धरले की पुढच्या पायरीतला हप्ता बरोबर ६ टक्क्यांनी फुगतो.

पायरी ४ : निव्वळ हप्ता, म्हणजे कंपनीचा खर्च न धरता येणारा. १,३१९.८२ ÷ २.८२१६ = ४६७.७५.

जोखमीचा खर्च दरवर्षी वाढतो, हप्ता मात्र सपाट. सुरुवातीला जास्तीचे घेतलेले पुढच्या वर्षांसाठी बाजूला ठेवावे लागते, तोच राखीव निधी. वयानुसार शास्त्रशुद्ध ठरवलेल्या समान हप्त्याची ही कल्पना १७६२ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या इक्विटेबल सोसायटीने प्रत्यक्षात आणली.

पायरी ५ : निधी. मागच्या निधीत हप्ता मिळवा, व्याज लावा, त्या वर्षाचा एका हयात माणसामागचा दावा (मृत्युदर × विमा रक्कम) वजा करा, हयात प्रमाणाने (१ वजा मृत्युदर) भागा.

वर्ष १: (४६७.७५ × १.०६ − ४००) ÷ ०.९९६ = ९६.२०
वर्ष २: ((९६.२० + ४६७.७५) × १.०६ − ५००) ÷ ०.९९५ = ९८.२८
वर्ष ३: (९८.२८ + ४६७.७५) × १.०६ − ६०० ≈ ०

शेवटी शून्य यायलाच हवे. एंडोमेंट (मुदतीअखेर हयात असल्यासही रक्कम देणारी पॉलिसी) असेल तर मुदतीला विमा रक्कम यायला हवी. तसे आले नाही तर पुढे जाऊ नका. दुसरा ताळा पुढून: वर्ष २ च्या शेवटी उरलेल्या दाव्याचे मूल्य ६०० ÷ १.०६ = ५६६.०४, त्यातून लगेच येणारा हप्ता ४६७.७५ वजा. उत्तर ९८.२८ च्या आसपासच येते.

पायरी ६ : खर्च. समजा पहिल्या वर्षी हप्त्याच्या ३० टक्के अधिक १००, नंतर दरवर्षी ५ टक्के अधिक २०. हे सगळे दाव्यांच्या बाजूला घालून समीकरण पुन्हा सोडवा. हप्ता ५९९.१५ येतो.

आता गंमत बघा. याच खर्चासह पहिल्या वर्षाअखेरचा निधी काढला तर तो सुमारे उणे ६२ येतो. सुरुवातीचा खर्च अजून वसूल झालेला नाही, तो पुढच्या हप्त्यांतून यायचा आहे. पण ग्राहकाने पॉलिसी सोडली तर ते हप्ते येणारच नाहीत. म्हणून सावध हिशेबात असा उणे आकडा मालमत्ता धरत नाहीत, निधी शून्यावर आणतात. विक्री वाढत असताना विमा कंपनीला भांडवल का लागते, याचे उत्तर बऱ्याच अंशी या ओळीत आहे.

पायरी ७ : गृहीतके हलवून पाहा. मृत्युदर १० टक्क्यांनी वाढवले की निव्वळ हप्ता सुमारे ५१४ होतो. व्याज ५ टक्के केले तर जेमतेम ४७३. छोट्या मुदत विम्यात सगळा भार मृत्युदरावर असतो, दीर्घ मुदतीच्या बचत योजनेत व्याज भारी पडते. सावधगिरीची दिशाही उत्पादनानुसार बदलते: मुदत विम्यात मृत्युदर वर नेणे सुरक्षित, आजीवन पेन्शनमध्ये मात्र खाली, कारण तिथे माणूस जास्त जगला की कंपनीचा खर्च वाढतो. दोन्हींसाठी एकच ‘वाढीव’ तक्ता वापरला तर पेन्शनचा निधी कमी पडेल.