कुशिंग बरा झाला, पण मन सावरत नाही? या चुका टाळा

कुशिंग म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन प्रमाणाबाहेर वाढण्याचा आजार. माझ्या बाबतीत त्याचं कारण होतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतली गाठ. तिचं ऑपरेशन होऊन मला सहा वर्षं झाली. नाकातून दुर्बीण घालून गाठ काढली, कॉर्टिसॉल एकदम खाली आला आणि डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन यशस्वी. तेव्हापासून कुशिंगचे नवे पेशंट कुणाकुणाकडून नंबर घेऊन मला फोन करतात. प्रश्न एकच असतो: "ताई, रिपोर्ट चांगले आले, चेहऱ्याची सूजही उतरली, मग सारखं रडू का येतं?" पुढे विचारत गेलं की त्याच त्या चुका निघतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ऑपरेशनची तारीख हीच बरं होण्याची तारीख धरणं. मीही तेच केलं. दुसऱ्याच महिन्यात शाळेत रुजू झाले. घरचे, शेजारचे सगळेच म्हणत होते, "आता काय, गाठ गेली ना!" एके दिवशी सहावीच्या वर्गात फळ्यावर लसावि काढत होते. उदाहरण निम्मं झालं आणि पुढची पायरीच आठवेना. बावीस वर्षं शिकवलेलं गणित! मुलं शांत बसून बघत होती. स्टाफरूममध्ये जाऊन मी तासभर रडले. आजार उलटला असं वाटून पुन्हा तपासण्या केल्या. कॉर्टिसॉल वाढलेला नव्हता. "सगळं ठीक आहे" म्हणून मला घरी पाठवलं. झोप लागते का, जगावंसं वाटतं का, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

खरी गोष्ट मला फार उशिरा कळली. जास्तीच्या कॉर्टिसॉलमुळे मेंदूतला स्मरणाशी जोडलेला हिप्पोकॅम्पस हा भाग आकसतो. पुढे तो काही अंशी भरून येतो, पण त्याला वेळ लागतो. विसराळूपणा, चिडचिड, उदासी काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षं रेंगाळते. शिवाय जास्तीच्या कॉर्टिसॉलला सरावलेल्या शरीराला आता योग्य मात्राही अपुरी वाटते. अंग ठणकतं, मळमळतं, मन खचतं. हा आळस नाही आणि नाटकही नाही. मला मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही लागलं, आणि वर्षभर शाळेत हलकं काम मागून घ्यावं लागलं. तिसऱ्या आठवड्यात "पूर्वीसारखं कधी वाटेल?" विचारणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, आठवडे मोजू नका, महिने मोजा.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे: "स्टिरॉइड वाईट" म्हणून ऑपरेशननंतर दिलेली हायड्रोकॉर्टिसोनची गोळी स्वतःच्या मनाने कमी करणं. गाठ असताना पिट्युटरीचा निरोगी भाग झोपी गेलेला असतो. तो जागा व्हायला अनेक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. तोवर ही गोळी म्हणजे शरीराला रोज हवं असलेलंच कॉर्टिसॉल. गौरी जेवणाच्या दिवशी पाहुण्यांच्या गडबडीत मी दुपारची गोळी जाणूनबुजून टाळली. आदल्या दिवशीही टाळली होती, आणि त्यात अंगात कणकण होती. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, बीपी घसरलं, नणंदबाईंनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. शिरेतून इंजेक्शन दिल्यावर मी शुद्धीवर आले. ताप आला तर डोस वाढवायचा असतो, आणि उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनच लागतं. हे नियम डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. माझ्या पर्समध्ये तो कागद कायम असतो, आणि दुसरी प्रत फ्रिजच्या दारावर. गोळी लवकर सुटावी म्हणून घाई करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण त्या घाईची किंमत मी मोजली आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. शेवटची गोळी रात्री उशिरा घेऊ नका, झोप उडते. "कॉर्टिसॉल कमी करणारी" म्हणून विकली जाणारी अश्वगंधा डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका. सांधेदुखीची बिननावाची पुडी तर मुळीच नको, अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. थकवा दिसला की सगळा दोष मनावर टाकू नका. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या, पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर इतर हार्मोन्सही कमी पडू शकतात. आणि तपासणीला एकट्याने जाऊ नका. आपण "बरी आहे" म्हणतो, सोबतचं माणूस खरं सांगतं.

माझी सवय साधी आहे. रोज रात्री वहीत एक ओळ लिहिते: किती तास झोपले, मन दहापैकी किती, आणि दिवसभरात जमलेलं एक काम. दर भेटीला ती वही डॉक्टरांपुढे ठेवते. पहिल्या वर्षी मनाला कितीदा तरी तीनच गुण आहेत. ते तीन वाचल्यावरच मला मानसोपचाराची चिठ्ठी मिळाली.

मरणाचे विचार येत असतील तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी घरात सांगा. टेलिमानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. फोनवर कुणी असं बोललं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून मी आधी हा नंबर लिहून घ्यायला सांगते, आणि घरातल्या कुणाला तरी फोन द्यायला लावते.