कृष्णविवर आणि दीर्घिका : या चुका टाळा

विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना एक आलेख पुन्हापुन्हा समोर येतो. जवळच्या दीर्घिकांसाठी कृष्णविवराचं वस्तुमान आणि दीर्घिकेचं वस्तुमान यांचं नातं दाखवणारी रेषा, तिच्या बरेच वर दूरचे क्वेसार (कृष्णविवरात पडणाऱ्या वायूमुळे झळाळणारी दीर्घिकांची केंद्रं) आणि खाली ठाम निष्कर्ष : आधी कृष्णविवरं वाढली, दीर्घिका मागून वाढल्या.

मध्यंतरी एका विद्यार्थिनीने हाच आलेख आणला. मी विचारलं, या सर्वेक्षणाला किती मंद क्वेसार दिसतो? इतक्या दूरचे फक्त झगझगीत क्वेसारच दिसतात आणि झगझगीत म्हणजे बहुधा अवजड कृष्णविवर. तेवढ्याच वस्तुमानाच्या दीर्घिकांमधली हलकी कृष्णविवरं यादीत येतच नाहीत. त्यात रुंद वर्णरेषांवरून (कृष्णविवराभोवती वेगाने फिरणाऱ्या वायूच्या प्रकाशातल्या रेषांवरून) काढलेलं कृष्णविवराचं वस्तुमान सहज दुपटी-तिपटीने चुकतं. तिने जवळच्या दीर्घिकांच्याच नात्यातून, त्यातल्या विखुरणासकट (रेषेच्या वर-खाली पसरलेल्या बिंदूंसकट), कृत्रिम दीर्घिका तयार केल्या आणि त्यांना सर्वेक्षणाची तेजमर्यादा लावली. जवळजवळ सगळी तफावत तिथेच उगवली, नातं काळानुसार बदललं असं न धरता! जेम्स वेब दुर्बिणीला सापडलेल्या अवजड कृष्णविवरांबद्दलही हाच प्रश्न विचारला जातोय. मी ही चाचणी आलेख काढायच्या आधी करते. एवढा धीर नसेल तर हा विषय घेऊच नये.

दुसरी चूक : दीर्घिकेच्या केंद्रकाचं (वायू गिळणाऱ्या कृष्णविवराच्या परिसराचं) तेज आणि तारकानिर्मितीचा वेग जुळत नाही, म्हणून ‘संबंधच नाही’. तारकानिर्मिती कोट्यवधी वर्षं चालते, केंद्रक लाखभर वर्षांतही पेटतं-विझतं. त्याचं आजचं तेज म्हणजे एक क्षण. दीर्घिकांचे गट तारकानिर्मितीनुसार करा, मग प्रत्येक गटाचं सरासरी क्ष-किरण तेज काढा, मंद केंद्रकं धरून. संबंध दिसतो.

फुगवट्याऐवजी (दीर्घिकेच्या मध्यावरच्या ताऱ्यांच्या फुगीर भागाऐवजी) अख्ख्या दीर्घिकेचं वस्तुमान घेऊ नका; एम ३३ या जवळच्या दीर्घिकेला फुगवटा जवळजवळ नाही आणि तिच्या केंद्रात 1500 सूर्यांहून जड कृष्णविवर नाही.

कृष्णविवर गुरुत्वाने दीर्घिकेला धरून ठेवत नाही. आकाशगंगेतलं सुमारे 40 लाख सूर्यांएवढं आहे, पण त्याचा गुरुत्वीय वचक केंद्राभोवतीच्या काही प्रकाशवर्षांपुरताच. दूरवर पोचते ती ऊर्जा : आत पडणाऱ्या वस्तुमानाचा साधारण दहावा हिस्सा प्रारण होऊन बाहेर येतो.

आणि नुसतं नातं दिसलं की ‘फीडबॅक’ (कृष्णविवराच्या ऊर्जेचा दीर्घिकेच्या वाढीवर होणारा परिणाम) लिहू नका. दीर्घिकांची वारंवार विलीनीकरणं झाली तरी सरासरीने असं नातं घट्ट होतं. पर्सियस या दीर्घिकासमूहाच्या तप्त वायूत कृष्णविवराच्या झोतांनी पाडलेल्या पोकळ्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने दाखवल्या. तशा खुणा आपल्या दीर्घिकांत शोधा, मग तो शब्द वापरा.