व्यसनाच्या उपचारासाठी ओपीडीत आलेल्या माणसाची पहिली भेट: काय विचारावे, काय टिपावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या दवाखान्यांत समुपदेशक, परिचारिका किंवा स्वयंसेवक म्हणून नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. ओपीडीत, म्हणजे बाह्यरुग्ण विभागात, माणूस भरती होत नाही. तपासून, गोळ्या घेऊन तो संध्याकाळच्या बसने आपल्या गावी परततो. त्याच गावात दारूचे दुकान असते, त्याच कट्ट्यावर मित्र बसलेले असतात. म्हणून त्याला काय झाले आहे याच्या बरोबरीने तो कोण आहे, कोणाबरोबर राहतो आणि आज नेमका का आला, हेही पहिल्याच भेटीत समजून घ्यावे लागते.

रस्त्याकडेला पडलेला दारुडा इथे फारसा दिसत नाही. येतो तो बहुतेक वेळा तिशी-चाळिशीतला, लग्न झालेला आणि कसाबसा का होईना कामावर टिकून असलेला पुरुष. कोणी गवंडी असतो, कोणी ट्रकचालक, कोणी कारखान्यातला कामगार, तर कोणी ऊसवाला शेतकरी. विशीच्या आसपास सुरू झालेले पिणे आवाक्याबाहेर जायला दहा-पंधरा वर्षे लागलेली असतात आणि मदत मागण्यापूर्वी आणखी काही वर्षे गेलेली असतात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली राष्ट्रीय पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसले ना कसले उपचार मिळाले होते. समोर बसलेला माणूस या अडतिसांतला एक आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी आपला आवाज आपोआप खाली येतो.

तो तक्रार सांगतो ती मात्र वेगळीच. पित्त होते, झोप लागत नाही, पायाला मुंग्या येतात, डोळे पिवळे दिसतात, असे तो सांगू लागतो. दारूचे नाव काढते ती मागे उभी असलेली बायको. एका भेटीत मी अशा गृहस्थांना पाण्याचा पेला दिला, तर तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि तरीही थोडे पाणी शर्टावर सांडले. त्यांच्या बायकोने कॅरीबॅगमधून तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. तिन्ही पित्ताच्या होत्या.

त्यामुळे नाव-गाव लिहून होताच पहिला प्रश्न असावा, ‘शेवटचे कधी घेतले?’ दिवस आणि वेळ दोन्ही टिपावे. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केले की साधारण सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होऊन भान सुटते. हा शेवटचा प्रकार जिवावर बेतू शकतो. म्हणजे ‘परवा सौंदत्तीला यल्लम्मापुढे शपथ घेतली, तेव्हापासून थेंबही नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या माणसाकडे कौतुकाने नव्हे, काळजीने पाहावे आणि त्याला रांगेत न बसवता आधी डॉक्टरांकडे न्यावे. गावच्या डॉक्टरांकडून सलाईन लावून आला असेल तर तेही चिठ्ठीवर लिहावे. दारूने झिजलेल्या शरीराला ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, मिळाले होते का हे डॉक्टरांना कळणे गरजेचे असते.

‘किती पिता?’ असे विचारले की ‘थोडी’ हेच उत्तर येते. त्याऐवजी ‘क्वार्टर घेता की नाइंटी? दिवसाला किती? पहिली किती वाजता?’ असे विचारावे. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये, मद्यार्काचे प्रमाण ४२.८ टक्के धरल्यास, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे १० ग्रॅमच्या मापाने सहा पेले. हातभट्टीची किंवा गोव्याकडून आलेली घरगुती असेल, तर तीव्रतेचा अंदाज न बांधता फक्त बाटलीचा आकार आणि किंमत लिहावी. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी वापरत असाल, तर ८ किंवा त्याहून जास्त गुण धोक्याची सूचना देतो आणि २० किंवा त्याहून जास्त असल्यास अवलंबित्वाची शक्यता तपासावी लागते. पण आकडा काढण्याच्या नादात माणूस निसटू देऊ नये.

मला स्वतःला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती पंचांगाची आहे. आपल्याकडे कित्येक पुरुष श्रावण पाळतात, अय्यप्पाची माळ घालून एक्केचाळीस दिवस राहतात किंवा आषाढीला पायी पंढरपूर गाठतात. ‘गटारीनंतर श्रावणाचा पहिला आठवडा कसा गेला?’ या प्रश्नातून पूर्वी झटके आले होते का, भास झाले होते का, हे कळते. ‘मग पुन्हा हात कधी लागला?’ यातून कारण कळते. कोणी गणपतीत, कोणी जत्रेत, तर कोणी उसाचे बिल हातात पडल्याच्या दिवशी पुन्हा सुरू केलेले असते. आणि महिनाभर आपण राहू शकतो हे त्याच्याच तोंडून निघालेले असते, जे पुढे समुपदेशनात फार कामी येते.

दारूबरोबर तंबाखू स्वतंत्रपणे विचारावी लागते, कारण निपाणीच्या पंचक्रोशीत तंबाखू हे पीक आहे, रोजगार आहे आणि पाहुण्यापुढे पानाच्या ताटातून सरकवली जाणारी वस्तूही आहे. तिला कोणी व्यसन म्हणत नाही. दिवसात किती वेळा बार भरतो, मावा खातो का, रात्री तोंडात धरून झोपतो का, असे विचारावे. गांजा आणि झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्यांचा विषय तरुणांशी एकट्यात काढावा, आईबापांसमोर नव्हे.

बायका ओपीडीत अगदी कमी दिसतात. वरच्याच पाहणीत दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचे १.६ टक्के होते, त्यामुळे संख्या कमी असणारच. पण मिश्रीची सवय लागलेली, किंवा बाळंतपणानंतर दिलेल्या झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारी बाई आपणहून ‘उपचाराला आले’ असे म्हणत नाही. तिच्यासाठी बसायला आडोसा आणि शक्य असल्यास बोलायला बाईच असावी.

भाषेकडेही लक्ष द्यावे. केसपेपर कन्नडमध्ये असतो, घरात मराठी बोलली जाते, आणि लाजेची गोष्ट माणूस घरच्याच भाषेत सांगतो. ‘व्यसन’ हा शब्द काहींना आरोपासारखा वाटतो. इकडच्या कानांना कन्नडमधला ‘चट’ ओळखीचा आहे, पण तोही हिणवण्याच्या सुरात वापरला जातो. दोन्ही बाजूला ठेवून ‘पिण्याचा त्रास’ म्हणावे. चंदगडसारख्या महाराष्ट्रातल्या तालुक्यातून माणूस आला असेल तर रेशनकार्ड कोणत्या राज्याचे आहे ते विचारावे, कारण सवलती आणि पुढे पाठवण्याचे रुग्णालय त्यावर ठरते.

आणणाऱ्याशी आणि आलेल्याशी दहा-दहा मिनिटे वेगवेगळे बोलावे. बायको, आई किंवा भाऊ यांच्याकडून पुन्हा पुन्हा एक विनंती येते, ‘चहातून द्यायची पावडर द्या, त्याला कळायला नको.’ इथे ठाम नकार द्यावा. दारूशी प्रतिक्रिया होणारे डायसल्फिरामसारखे औषध माणसाच्या नकळत दिल्यावर त्याने दारू घेतली, तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही येतात, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे त्याच कायद्याने बंधनकारक आहे. कारखान्यातल्या मुकादमाचा फोन आला तरी.

पूर्वी झटके आलेले, जीव द्यावासा वाटणारे (हे स्पष्ट शब्दांत विचारावे, विचारल्याने विचार येत नसतो), कावीळ किंवा रक्ताच्या उलट्या असलेले, गरोदर, आणि घरी रात्री सोबतीला कोणीच नसलेले यांना ओपीडीवर ठेवू नये. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत किंवा सोयीचे पडत असेल तर मिरज-कोल्हापूरच्या शासकीय रुग्णालयात त्यांची व्यवस्था करावी.

उरलेल्यांपैकी बरेच जण एकदाच येतात आणि परत दिसत नाहीत. म्हणून पुढची तारीख ठरवताना आपली वही नव्हे, त्याचा आठवडा पाहावा. पगाराचा दिवस टाळावा, गावचा आठवडा-बाजार असेल तो दिवस धरावा, म्हणजे बसभाडे एकाच खेपेत निघते. तारीख मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहावी, खाली टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ हे क्रमांक घालावेत, आणि पहिल्या आठवड्याच्या मध्यावर फोन केला तर चालेल का, कोणत्या नंबरवर, आणि फोन दुसऱ्याने उचलला तर कोण बोलतोय म्हणून सांगायचे, हे त्यालाच विचारून कार्डाच्या मागे टिपून ठेवावे.