सोलापूरच्या उन्हात जास्वंदीचा संकर : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पिओनीची फुले छायाचित्रांत पाहून ते झाड आपल्या अंगणात लावावे आणि त्याचे नवे रंग स्वतः तयार करावेत, अशी इच्छा घेऊन जे कोणी विचारायला येतात, त्यांना मी प्रथम त्या झाडाची गरज समजावून सांगते. पिओनीला फुलण्यासाठी हिवाळ्यात कित्येक आठवडे चार-पाच अंशांच्या आसपासची थंडी सलग मिळावी लागते, आणि आपल्याकडे ऐन पौषातही पहाटेचा पारा सहसा १० अंशांच्या वरच असतो. शिवाय पिओनीचे बी पेरल्यापासून पहिले फूल दिसेपर्यंत चार-पाच वर्षे सहज जातात. ज्याला संकराची विद्या शिकायची आहे, त्याने वर्ष-सव्वा वर्षात फूल देणारे आणि आपल्या हवेत रमणारे झाड निवडावे. सोलापुरात ते झाड म्हणजे जास्वंद.

जास्वंद, कापूस, भेंडी आणि अंबाडी ही एकाच कुळातली झाडे आहेत, आणि ज्यांनी कापसाचे बीजोत्पादन जवळून पाहिले आहे त्यांना जास्वंदीचा संकर निम्मा आधीच येत असतो. सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी विकसित केलेला ‘संकर-४’ हा कापूस १९७० साली प्रसारित झाला. मोठ्या प्रमाणावर लागवडीखाली आलेला तो जगातला पहिला संकरित कापूस. त्याचे बी शेतातल्या बायका हातांनी तयार करत असत: संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर काढून टाकायचे आणि सकाळी दुसऱ्या जातीचे पराग कुक्षीला, म्हणजे फुलातल्या मादी भागाच्या टोकाला, लावायचे. जास्वंदीत काम हेच आहे, फक्त फूल मोठे असल्यामुळे ते अधिक सोपे आहे.

खरी अवघड बाब आहे ती आई-बाप निवडण्याची, आणि नवशिक्याने सर्वांत अधिक वेळ तिलाच द्यावा, असे माझे ठाम मत आहे. आज रोपवाटिकांत दिसणाऱ्या मोठ्या, दुरंगी, मधोमध गडद डोळा असलेल्या जास्वंदींच्या वंशावळीत पूर्व आफ्रिका, मॉरिशस-रियुनियनची बेटे आणि हवाई या ठिकाणच्या जाती आपल्या नेहमीच्या जास्वंदीशी मिसळलेल्या आहेत; हवाईत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हे काम जोमाने झाले. आपण जिला झुंबर जास्वंद म्हणतो, ती कातरलेल्या पाकळ्यांची लोंबती जास्वंद मूळची केनिया-टांझानियाकडचीच. या मोठ्या फुलांच्या जाती बेटांवरच्या दमट आणि सौम्य हवेत घडल्या. सोलापूरचा एप्रिल-मे ४० अंशांच्या वर जातो, हवा कोरडी असते, जमीन काळी आणि चुनखडीची असते, बोअरचे पाणी जड असते. फूल पाहून आणलेले झाड अशा परिस्थितीत दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत खंगते, आणि त्याची पिल्लेही बहुधा तशीच निघतात. म्हणून आईझाड निवडताना मी फुलाकडे शेवटी पाहते. ज्या झाडाने आपल्याच गच्चीवर किंवा अंगणात निदान एक उन्हाळा काढला आहे, ज्याची पाने मे महिन्यात कडेने करपत नाहीत, ज्याला त्या दिवसांतही नवी फूट येते आणि ज्याच्या कळ्या उमलण्याआधी गळत नाहीत, तेच झाड आई म्हणून घ्यावे. रंगाची, आकाराची आणि नजाकतीची बाजू बापाकडून आली तरी चालते, कारण त्याचे केवळ पराग हवे असतात आणि ते स्नेह्याच्या बागेतूनही आणता येतात.

कुंपणाला असलेली आपली साधी लाल जास्वंद काटक असली तरी तिला बोंड क्वचितच धरते, त्यामुळे आई म्हणून तिच्यावर विसंबू नये. तिचा उपयोग पुढे खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर कलम बांधायचे ते मुळांचे बूड म्हणून, होतो. भरगच्च दुहेरी फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि कुक्षी पुष्कळदा वेडीवाकडी किंवा दडलेली असते, म्हणून सुरुवात एकेरी फुलांच्या आईपासून करावी.

संकर करण्यापूर्वी झाड सशक्त असले पाहिजे, आणि सोलापुरात त्याच्या आड येणारा पहिला अडथळा म्हणजे केवडा: कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, हे त्याचे कारण. अशा वेळी कुंडीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण तेही मातीत जखडले जाते. हिराकसाची अर्धा टक्का तीव्रतेची, म्हणजे लिटरला पाच ग्रॅम, फवारणी संध्याकाळी पानांवर करावी. कुंडीतून द्यायचे असेल तर ‘ईडीडीएचए’ प्रकारचे चिलेटेड, म्हणजे मातीत जखडू नये म्हणून संयुगात बांधलेले, लोह घ्यावे. स्वस्त मिळणारे ‘ईडीटीए’ प्रकारचे लोह अल्कधर्मी मातीत लवकर निकामी होते. निव्वळ काळी माती कुंडीत मुळीच भरू नये. ती भिजली की घट्ट होते आणि वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते, मग घातलेले पाणी कडेनेच वाहून जाते. एक तृतीयांश माती, तेवढेच चांगले कुजलेले शेणखत आणि उरलेल्या भागात कोकोपीट व विटांचे बारीक तुकडे, हे मिश्रण मला मानवले आहे. कोकोपीटात क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावे.

परागीकरणाचा हंगाम आपल्याकडे दिवाळीपासून गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या, यात्रेपर्यंतचा. उन्हाळ्यात तेच पराग त्याच फुलाला लावले तरी बोंडे टिकत नाहीत, आणि पावसाळ्यात ओल आड येते, कारण पाणी लागले की परागकण फुटतात. थंडीच्या दिवसांत फूल सकाळी पूर्ण उमलल्यावर, साधारण नऊ-दहाच्या सुमारास, पराग मोकळे होतात. बोटाला हलकेच लावून पाहिल्यास पिवळी भुकटी चिकटली पाहिजे. फुलाच्या मधून निघणाऱ्या दांडीच्या टोकाला मखमली पाच ठिपके दिसतात, ती कुक्षी. बापाचे फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे दुमडून, त्याची परागांनी भरलेली दांडी या पाचही ठिपक्यांवर हळुवार टेकवावी. ब्रश वापरण्याची गरज नाही. ब्रशात आधीच्या जातीचे पराग राहतात आणि नोंद खोटी ठरते. आईची जात स्वतःच्या परागाने बोंड धरणारी असेल तर आदल्या संध्याकाळी फुगलेली कळी उकलून तिचे पुंकेसर लहान कात्रीने काढावेत आणि कळीवर मलमलीची पिशवी बांधावी, म्हणजे शिंजीर किंवा मुंग्या मध्येच दुसरे पराग आणणार नाहीत. त्या दिवशी झाडाला पाणी बुडाशीच घालावे.

परागीकरण झाल्याबरोबर, दुसऱ्या फुलाकडे वळण्यापूर्वी, खूण बांधावी. सोलापुरात चादरीच्या सुताचे रंगीत तुकडे सहज मिळतात. प्रत्येक बापाला एक रंग ठरवून त्या रंगाचा धागा फुलाच्या देठाला सैल बांधला की दुरूनही कळते. धाग्याचा रंग उन्हाने उतरतो, म्हणून सोबत पांढऱ्या प्लॅस्टिकची छोटी पट्टी असावी आणि तिच्यावर शिसपेन्सिलीने लिहावे. मार्करची शाई आपल्या उन्हात काही महिन्यांत पुसट होते, शिसे मात्र टिकते. लिहिण्याची रूढ पद्धत अशी आहे: आधी आईचे नाव, मग गुणाकाराचे चिन्ह, मग बापाचे नाव. वहीत तारीख, त्या दिवसाचे कमाल तापमान, बोंड धरले की गळले, बिया किती निघाल्या, हे सर्व उतरवावे. गळलेल्या बोंडांची नोंद धरलेल्या बोंडांइतकीच मोलाची असते, कारण कोणती जोडी एकमेकींना मानवत नाही हे तिच्यातूनच समजते. मला कुणी शिकायला आलेला तरुण किती पुढे जाईल हे त्याच्या झाडांपेक्षा त्याच्या वहीवरून अधिक कळते.

चार-पाच दिवसांत पाकळ्या सुकून गळतात. पराग लागले असतील तर निदलाच्या आतला हिरवा अंडाशय तसाच राहतो आणि फुगू लागतो. लागले नसतील तर देठ पिवळा पडून सगळेच खाली येते. फुगलेले बोंडही दोन-तीन आठवडे धोक्यातच असते. बोंड पक्व व्हायला दोन महिने किंवा त्याहून थोडे अधिक लागतात. ते तपकिरी होऊन पाच फाकांत उकलते आणि बिया उडतात, म्हणून रंग बदलू लागताच जाळीची पिशवी बांधून ठेवावी. एका बोंडात मूठभर बियांची अपेक्षा करू नये. पाच-दहा निघाल्या तरी समाधान मानावे.

बियांचे कवच टणक असते. नाळेचा ठिपका जिथे असतो त्याच्या विरुद्ध बाजूला नखकात्रीने किंचित टवका काढावा, बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवावे आणि सेंटीमीटरभर खोल पेरावे. पेरणीच्या मिश्रणात ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळल्यास रोपांची मर कमी होते. एक-दोन आठवड्यांत अंकुर वर येतात. फेब्रुवारीत पेरलेले रोप उन्हाळ्याच्या तोंडाशी चार-सहा पानांचे होते, आणि हा पहिला उन्हाळा त्याला ५० टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली, फक्त सकाळचे ऊन देऊन काढू द्यावा. गच्चीचा स्लॅब दुपारी भाजतो, त्यामुळे कुंड्या विटांवर ठेवाव्यात; काळ्या पिशव्यांतली मुळे अक्षरशः शिजतात, त्यांना बाहेरून पांढरे कापड गुंडाळावे. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे गृहीत धरून रोपे तेवढीच करावीत जेवढ्यांना साठवलेल्या पाण्यातून उन्हाळाभर नियमित पाणी देता येईल. पाण्याचा खंड पडला की जास्वंद कळ्या टाकते, आणि मग गळ झाडाच्या स्वभावामुळे झाली की आपल्यामुळे, हे ठरवता येत नाही.

पहिली फुले बहुतेक रोपांना दिवाळी ते होळीच्या दरम्यान येतात. जास्वंदीत गुणसूत्रांची संख्या जातीजातीत वेगळी आणि बहुपटीत असते, त्यामुळे शाळेत शिकलेली मेंडेलची सरळ प्रमाणे येथे दिसत नाहीत. एकाच बोंडातल्या बियांतून एक पिवळे, एक गुलाबी आणि एक दोघांशीही न जुळणारे फूल निघते. हा आनंद मोठा असतो, परंतु निवडीचा निर्णय त्या दिवशी घेऊ नये. थंडीत फूल मोठे आणि गडद दिसते, तेच उन्हाळ्यात आकसते आणि फिके पडते. दोन्ही ऋतूंतले फूल पाहिल्याशिवाय झाडाविषयी काहीही म्हणता येत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मी जाळी काढते. दुपारी दोन वाजता फूल मान टाकते की उभे राहते, नवी फूट थांबते का, कळ्या किती गळतात, केवडा लवकर येतो का, हे रोहिणी संपेपर्यंत पाहते, आणि मृगात जी झाडे सर्वांआधी पालवतात त्यांच्यातूनच निवड करते. त्यांतले एखाद्याचे फूल साधे असले तरी ते ठेवते. पुढच्या पिढीची आई म्हणून ते कोणत्याही देखण्या पण नाजूक झाडाहून अधिक मोलाचे असते. बाकीची रोपे फेकू नयेत. देवपूजेला रोज फूल हवे असणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

पिठ्या ढेकणाविषयी थोडे सांगणे भाग आहे. शेंडे आखडलेले आणि पाने गोळा झालेली दिसली की तो आला असे समजावे. तो शेंडा कापून जाळावा, मुंग्यांची वाट बंद करावी, कारण त्याच त्याला एका फांदीवरून दुसरीवर नेतात आणि राखतात, आणि लिटरला पाच मिलिलिटर निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून आठवड्याच्या अंतराने फवारावे. परागीकरणाच्या दिवशी मात्र फवारणी नको.

ज्यांना या विद्येवर चरितार्थ चालवायचा आहे, त्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. नवी जात निर्माण केल्याने लगेच पैसे मिळत नाहीत. उत्तम कलम बांधता येणाऱ्याला मात्र पहिल्या वर्षापासून काम मिळते. म्हणून पाचर कलम आणि डोळा भरणे या दोन्ही गोष्टी संकरासोबतच शिकाव्यात. औपचारिक शिक्षण हवे असल्यास उद्यानविद्येची पदवी आहे, आणि आपला जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. बंगळुरूजवळ हेसरघट्टा येथील भारतीय बागायती संशोधन संस्थेत फुलझाडांच्या संकराचे शास्त्रीय काम चालते. संधी मिळाल्यास ते जाऊन पाहावे.

निवडलेले रोप बियांपासून पुन्हा तसेच मिळत नाही, म्हणून त्याची कलमे लाल जास्वंदीच्या खुंटावर लगेच बांधावीत. पेन्सिलीएवढ्या जाडीचा खुंट आणि तितकीच जाड, निमजून काडी घेतल्यास पावसाळ्याच्या सुरुवातीला कलम चांगले जुळते. कलमी झाडालाही पुन्हा एक उन्हाळा उघड्यावर ठेवून पाहावे आणि त्यानंतरच नाव द्यावे. जास्वंदीच्या जातींच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद ऑस्ट्रेलियन हिबिस्कस सोसायटी ठेवते. तेच नाव आधी कुणी दिलेले नाही ना, हे तिथे तपासता येते. पहिली दोन कलमे वेगवेगळ्या घरी, शक्य तर एक ‘जुळे सोलापूर’ या वस्तीकडे आणि एक जुन्या गावात, वहीतल्या नोंदीच्या प्रतीसह द्यावीत, म्हणजे एका गच्चीवरचे झाड गेले तरी जात जात नाही.